गिअरबॉक्स बदलायचा म्हणतेस, तर आधी हे वाच

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "बाबा, ऑटोमॅटिक काढून मॅन्युअल टाकतेय," आणि मी गप्प बसलो. तुला वाटलं मी रागावलो. रागावलो नव्हतो, मनातल्या मनात बोल्ट मोजत होतो. फोनवर या गोष्टी नीट सांगून होत नाहीत, मध्येच तुझी आई फोन ओढून घेते, म्हणून लिहायला बसलो. कागदाला ग्रीस लागलं तरी चालेल, गाडीखाली घेऊन जा.

तुझी गाडी 2016 ची रॅम 2500 पिकअप. 6.7 लिटरचं कमिन्स डिझेल इंजिन, मागे 68 आरएफई नावाचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. यात नशिबाचा भाग असा, की हीच गाडी, हेच इंजिन घालून, त्याच वर्षी कंपनी मॅन्युअलमध्येही विकत होती. जी 56 नावाचा सहा गिअरचा बॉक्स, मर्सिडीज-बेंझच्या घरचा. फोर्डनं त्यांच्या सुपर ड्यूटी पिकअपमधला मॅन्युअल 2010 च्या मॉडेलनंतर बंद केला, जनरल मोटर्सनं त्याच्याही आधी. रॅमनं 2018 पर्यंत रेटलं, 2019 च्या नव्या गाडीत त्यांनीही सोडून दिलं. म्हणजे तुला जे करायचंय ते कारखान्यानं आधीच करून ठेवलंय. तुला शोध लावायचा नाहीये, नक्कल करायची आहे.

म्हणून सुटे भाग गोळा करत बसू नकोस. अख्खी गाडी शोध. 2013 ते 2018 मधली, मॅन्युअलची, उलटलेली किंवा मागून ठोकलेली, पण समोरचा भाग आणि वायरिंग धड असलेली. लोक गिअरबॉक्स, क्लच आणि फ्लायव्हील आणतात आणि काम ऐंशी टक्के झालं म्हणतात. उरलेल्या वीस टक्क्यांत महिने जातात. क्लचचं पेडल आणि त्याची अख्खी चौकट, कारण ब्रेकचं पेडलही तिथे अरुंद असतं. मास्टर सिलिंडर, स्लेव्ह सिलिंडर, त्यांच्यामधली नळी. गिअरबॉक्सखालचा क्रॉस मेंबर, माउंटिंग, प्रोपेलर शाफ्ट. लिव्हरचा रबरी बूट. पेडलवरचा स्विच, रिव्हर्सचा स्विच, त्यांचे कनेक्टर. यातला एकेक तुकडा वेगळा मागवलास तर तो कधी चुकीचा येईल, कधी येणारच नाही. शेजारी तोडलेली गाडी उभी असली की प्रश्न पडला तर उठून बघता येतं. पुस्तकापेक्षा ते बरं.

आता मुख्य मुद्दा, आणि हा मला स्वतःला उशिरा कळला. मी काम शिकलो तेव्हा गिअरबॉक्स म्हणजे लोखंड. काढला, बसवला, झालं. तुझ्या गाडीत तो बोलतो. इंजिनचा संगणक आणि ऑटोमॅटिकचा संगणक एकाच तारेच्या जोडीवर सतत गप्पा मारत असतात. कुठला गिअर पडलाय, टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे क्लचच्या जागी तेलातून ताकद पोचवणारा भाग, लॉक झालाय का, गिअर बदलताना क्षणभर टॉर्क किती कमी करायचा. तू ऑटोमॅटिक उतरवलास की त्या गप्पांतला एक माणूस उठून गेला. इंजिनला वाटतं काहीतरी बिघडलं. मग डॅशबोर्डवर दिवे लागतात, ताकद कमी होते, आणि ज्या गाडीत यांत्रिक दोष एकही नाही ती आजाऱ्यासारखी वागते.

याच्यावर लोक दोन मार्ग काढतात. एक, खोटे सिग्नल देऊन संगणकाला फसवायचं. तो आपला मार्ग नाही. फसवलेली गाडी नेमकी थंडीत रात्री उभी राहते. दुसरा, संगणकाला मॅन्युअल गाडीचं प्रोग्रामिंग द्यायचं. त्यात नुसतं इंजिन येत नाही. गाडी आता "पार्क" शोधते, तिला क्लचचं पेडल शोधायला शिकवावं लागतं, नाहीतर स्टार्टरच फिरणार नाही. रिव्हर्सचे दिवे आणि मागचा कॅमेरा नव्या स्विचवर यायला हवेत. क्लच दाबला की क्रूझ कंट्रोल सुटला पाहिजे. दुरून गाडी सुरू करायची सोय बंद करायची, आणि ती का बंद करायची हे तुला सांगायला नको. हे प्रोग्रामिंग कोण करून देणार, याचं पक्कं उत्तर हातात येईपर्यंत पान्हा उचलू नकोस. लोकांचा क्रम बरोबर उलटा असतो. आणि पुढे कधी डीलरकडे सॉफ्टवेअर अपडेटला गाडी दिलीस तर आधी सांगून दे. त्यांच्या लेखी चेसिस नंबरवरून ती गाडी ऑटोमॅटिकच आहे.

हाच प्रोग्रामिंगवाला तुला एक गोष्ट फुकटात देऊ करेल. "हात लागलेच आहेत तर डीपीएफ आणि ईजीआर पण उडवून देतो." फोन ठेवून दे. गिअरबॉक्स बदलणं वेगळं आणि धुरातली काजळी गाळणारा डीपीएफ, थोडा धूर इंजिनात परत फिरवणारा ईजीआर, ही प्रदूषणाची यंत्रणा काढणं वेगळं. अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टमध्ये ती छेडछाड सरळ बेकायदा आहे, गाडी स्वतःची असली तरी. मॅन्युअलच्या रॅमलाही डीपीएफ होता, डिझेल एग्झॉस्ट फ्लुइडची टाकी होती, आणि त्या चालत होत्या. उद्या तुला कॅलिफोर्नियात नोकरी लागली तर तिथे 1998 आणि त्यानंतरच्या, 14,000 पाउंडांपर्यंतच्या डिझेल गाड्यांची दर दोन वर्षांनी स्मॉग, म्हणजे प्रदूषणाची, तपासणी होते. खाली वाकून बघतात आणि संगणकालाही विचारतात.

गिअरच्या गणितात मला मजा आली, ती तुलाही यावी. 68 आरएफईचा पहिला गिअर 3.23, म्हणजे आत 3.23 फेऱ्या तेव्हा बाहेर एक. जी 56 चा पहिला 5.94. बघितलं तर वाटतं, मॅन्युअल जवळजवळ दुप्पट खोल. पण ऑटोमॅटिकपुढे टॉर्क कन्व्हर्टर आहे आणि गाडी हलताना तो टॉर्क दीड-दोन पट वाढवतो. 3.23 ला 1.8 नं गुणून बघ. 5.8 येतात! दोघं एकाच जागी पोचतात. एक तेलाच्या भोवऱ्यातून, दुसरा दात्यांतून. फरक पडतो तो वरच्या टोकाला. ऑटोमॅटिकचा सहावा 0.63, तुझा होणार 0.74. मागच्या ॲक्सलमध्ये 3.42 चा क्राउन-पिनियन आणि 33 इंची टायर धरले तर ताशी 70 मैलांना आत्ता इंजिन मिनिटाला 1,550 फेऱ्यांच्या आसपास फिरतं, मग 1,800 च्या आसपास फिरेल. डिझेल थोडं जास्त खाईल, आवाज थोडा जास्त. घाटात ते बरंच आहे. रिकाम्या रस्त्यावर मात्र तुला सातवा गिअर शोधायची सवय लागेल, हात उगाच लिव्हरकडे जाईल.

टॉर्कचं मात्र गंभीरपणे घे. तुझं इंजिन ऑटोमॅटिकसाठी 800 पाउंड-फूट देतं. मॅन्युअलच्या गाडीत कंपनीनं तेच इंजिन 660 वर बांधून ठेवलं होतं, आणि ओढायची मर्यादाही कमी लिहिली होती. ते उगाच नाही. जी 56 चं कवच ॲल्युमिनियमचं आहे आणि मूळ क्लच 660 च्या हिशेबानं केलेला. तू 800 चं प्रोग्रामिंग तसंच ठेवून मूळ क्लच घातलास तर वरच्या गिअरमध्ये, चढावर, ट्रेलर मागे असताना प्लेट घसरेल, आणि त्याचा वास तुला वर्षभर आठवेल. एक तर 660 वर समाधान मान, नाहीतर जड क्लच घाल. माझं मत पहिल्याकडे. 660 नं काय उचलायचं राहिलंय तुझं?

फ्लायव्हीलवर तुझं आणि माझं भांडण होणार. मूळचं दुहेरी आहे, दोन चकत्या आणि मध्ये स्प्रिंगा, डिझेलचे धक्के गिळायला. महाग असतं, आणि वरच्या गिअरमध्ये कमी फेऱ्यांवर जोर देत राहिलं की मरतं. म्हणून बहुतेक लोक एकसंध फ्लायव्हील घालतात. टिकतं, पण न्यूट्रलमध्ये गिअरबॉक्स डब्यात खडे हलवल्यासारखा वाजतो. तुला तो आवाज "खरा" वाटेल. मी असलो तर दुहेरीच घातलं असतं, आणि 1,200 फेऱ्यांच्या खाली सहाव्यात कधी दाबलं नसतं. गाडी तुझी आहे.

आता गाडीखालचं. चारी बाजूंनी घोड्या लाव, नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरलीस असं मला कळलं तर मी विमानानं येईन. ट्रान्समिशन जॅक भाड्यानं आण आणि सोबत एक माणूस ठेव. ऑटोमॅटिकची फ्लेक्स प्लेट (फ्लायव्हीलच्या जागची पातळ चकती) निघाली की क्रँकचा मागचा ऑइल सील बदल, तो गळत नसला तरी. पुन्हा तिथे पोचायला सगळं उतरवावं लागतं. पायलट बेअरिंग नवं. प्रेशर प्लेटला येणारं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरनं पुसून काढ. प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडे थोडे, फेऱ्यांनी आवळ. गिअरबॉक्स सरळ रेषेत आत ढकल, आणि इनपुट शाफ्ट क्लच प्लेटच्या स्प्लाइनमध्ये, म्हणजे खाचांत, गेल्यावर त्याचं वजन शाफ्टवर लोंबकळू देऊ नकोस. मिनिटभर लोंबकळला तरी प्लेटचा मधला भाग वाकतो, मग क्लच सुटतच नाही आणि तू आठवडाभर हायड्रॉलिकला दोष देत बसशील. ट्रान्सफर केस (पुढच्या चाकांनाही ताकद वाटून देणारा डबा) मागे जोडण्याआधी शाफ्टचे दाते मोज, "बसेल" म्हणू नकोस. फ्लोअर कापायची घाईही नको. बॉक्स बसव, लिव्हर कुठे येतो ते खालून खूण कर, मग काप. तेल एटीएफ प्लस 4, कंपनीनं तेच सांगितलंय. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माझाही विश्वास बसला नव्हता, माझा हात आपोआप नव्वद नंबरच्या गिअर ऑइलच्या डब्याकडे जातो.

क्लच प्लेटला एक बाजू असते. तिच्यावर लिहिलेलं असतं. मी शिकाऊ असताना एका ट्रकची प्लेट उलटी बसवली, सगळं बंद केलं, हात धुतले. पेडल दाबलं तर गिअर पडेना. उस्ताद एक शब्द बोलला नाही. त्यानं पायानं जॅक माझ्याकडे सरकवला आणि चहा प्यायला गेला.

चालवण्याचं एवढंच, की पहिले 500 मैल ट्रेलर लावू नकोस, नवी प्लेट शहरात बसू दे. आणि तुझ्या कोलोरॅडोत आय-70 महामार्गावर आयझेनहॉवर बोगद्यातून, 11,158 फुटांवरून, खाली येताना आत्ता गाडी स्वतःच गिअर खाली टाकते आणि एग्झॉस्ट ब्रेक, म्हणजे धूर कोंडून इंजिनलाच अडवणारा ब्रेक, धरून ठेवते. यापुढे तो निर्णय तुझा, आणि तो उतार सुरू व्हायच्या आधी घ्यायचा. क्लच दाबलास की एग्झॉस्ट ब्रेकही सुटतो. घाईत पाचव्याऐवजी तिसरा पडला तर इंजिन डिझेल बंद करेल, पण चाकंच इंजिनला फिरवायला लागली तर डिझेल बंद करून काय उपयोग? उभी करताना पार्क नाही. पायानं लावायचा पार्किंग ब्रेक उतारावर खरंच धरतो का, हे बॉक्स उतरवायच्या आधीच तपासून घे.

उतरवलेला 68 आरएफई लगेच विकू नकोस. पुसून, तोंडं बंद करून कोपऱ्यात ठेव. वर्षभरात कळेल.

हे सगळं लिहिताना मी एक गोष्ट लपवत होतो, ती आईनं सांगायच्या आत मीच सांगतो. गेल्या महिन्यात मी ऑटोमॅटिक घेतली. डावा गुडघा क्लच दाबू देत नाही. पहिले चार दिवस डावा पाय जमिनीवर आपटत राहिलो आणि सीटच्या बाजूला हात जात राहिला. तू आठवीत असताना मी क्लच दाबायचो आणि तू शेजारून गिअर टाकायचीस, दुसऱ्याचा तिसरा करताना डोळे मिटून. म्हणून परवा फोनवर थोडा जास्तच वेळ गप्प राहिलो असेन.

बेल हाउसिंग, म्हणजे क्लचभोवतीचं कवच, बंद करण्याआधी प्लेटचा फोटो पाठव. रात्र असली तरी चालेल.

तुझा,
बाबा