‘तथापि’पाशी थांबलेली पेन्सिल

सदाशिव पेठ, पुणे
रविवार, रात्री

तीर्थरूप आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

परवा फोनवर मी नुसता आकडा सांगितला, जीआरईच्या, म्हणजे परदेशात पुढे शिकायला जाण्यासाठीच्या परीक्षेच्या, वर्बलला (इंग्रजी भाषेच्या भागाला) १५९. बाबा, तुम्ही ‘कितीपैकी?’ विचारलंत, मी ‘१७०’ म्हटलं, तेवढ्यात आईने जेवणाचं काढलं आणि खरं सांगायचं ते राहूनच गेलं. म्हणून हे पत्र.

आधी लपवलेली गोष्ट सांगते. ही परीक्षा मी दुसऱ्यांदा दिली. मार्चमध्ये पहिल्यांदा दिली तेव्हा वर्बलला १४९ पडले होते. गुण १३०पासूनच सुरू होतात, म्हणजे १४९ निम्म्यालाही पोचत नाहीत. वीस हजारांच्या वर फी गेली होती. ती माझ्या पगारातली होती, तरी तुम्हाला सांगायचा धीर झाला नाही. गणितात चांगले होते, पण मला पुढे सार्वजनिक धोरण शिकायचंय. तिथे अहवाल वाचायचे, कोण काय म्हणतंय आणि का म्हणतंय ते ओळखायचं, हेच तर काम. त्यामुळे तो आकडा मला फार लागला.

मग मी एक क्लास लावला. तिथे रोज पन्नास शब्दांची यादी पाठ करायची. अभ्यासिकेत माझ्या डाव्या-उजव्या हाताला एमपीएससीची मुलं राज्यघटनेची कलमं घोकत असायची आणि मधे मी शब्द घोकत बसायचे. दोन महिन्यांनी सराव परीक्षा दिली तर १५१. दोन महिन्यांत दोन गुण. त्या रात्री खोलीवर येऊन मी रडले, हेही आज सांगून टाकते.

दुसऱ्या दिवशी अप्पा बळवंत चौकातून एक दोनशेपानी वही आणली आणि चुकलेला प्रत्येक प्रश्न तिच्यात उतरवायला लागले. नुसतं बरोबर उत्तर लिहीत नव्हते, मी चुकीचं उत्तर का निवडलं ते माझ्या शब्दांत, मराठीत लिहायचे. चोपन्न प्रश्न झाल्यावर मोजलं. शब्दच माहीत नव्हता म्हणून चुकलेले फक्त एकोणीस. बाकीच्या पस्तिसांत सगळे शब्द ओळखीचे होते, मी वाक्यच नीट वाचलं नव्हतं. कुठे ‘ऑल्दो’वरून सरळ पुढे गेले होते, कुठे ‘हार्डली’ डोळ्यांतून निसटलं होतं आणि नकाराचा होकार झाला होता.

बाबा, तेव्हा मला तुम्ही दिसलात. ओसरीवर पेपर घेऊन बसलेले, कानावर पेन्सिल. छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासून लागलेली सवय. अग्रलेख वाचताना तुम्ही ‘तथापि’, ‘परंतु’, ‘किंबहुना’ यांच्याखाली रेघ मारायचात. मी आठवीत असताना ‘का?’ विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, “इथे गाडी वळते. वळण चुकलं तर भलत्या गावाला पोचशील.” जीआरईत वर्बलचे साधारण निम्मे प्रश्न उताऱ्यांवर असतात, आणि किती तरी उतारे आपल्या शास्त्रीबुवांच्या वादासारखे बांधलेले असतात. आधी पूर्वपक्ष, म्हणजे ‘काही अभ्यासकांचं असं म्हणणं आहे’, आणि मग ‘हाउएव्हर’पासून लेखकाचा उत्तरपक्ष. मी पूर्वपक्षालाच लेखकाचं मत समजून उत्तरं देत होते. मग रोज सकाळी कामावर जायच्या आधी एकच उतारा घ्यायचे, हातात पेन्सिल. खरी परीक्षा संगणकावर असते, तिथे उताऱ्यात पेन्सिलने रेघ मारता येत नाही, पण तोवर डोळेच त्या शब्दांपाशी थांबायला शिकले होते.

आणि आई, रिकाम्या जागांचे प्रश्न मी तुझ्यामुळे सोडवले. रविवारच्या पुरवणीतलं शब्दकोडं तू कशी सोडवतेस? आधी सूचना पूर्ण वाचतेस, मनाशी शब्द ठरवतेस आणि मगच घरं मोजतेस. मी उलटं करत होते. पर्यायांत घुसायचे आणि त्यातला जो भारदस्त दिसेल तो उचलायचे. आता पर्याय हाताने झाकायचे, रिकाम्या जागी आधी आपला मराठी शब्द ठेवायचे आणि मग त्याच्या जवळचा शोधायचे. तीन रिकाम्या जागांच्या वाक्यात तिन्ही बरोबर आल्या तरच गुण मिळतो, दोन बरोबर म्हणून काहीच हाती लागत नाही. त्यामुळे तिथे असा ठरवून शोध घ्यायलाच हवा.

दुसऱ्या एका प्रकारात एकाच रिकाम्या जागेसाठी सहा शब्दांतून दोन निवडायचे असतात, असे की कुठलाही घातला तरी वाक्याचा अर्थ एकच राहावा. त्यातला फरक मला तुझ्या एका रागावरून कळला. मामीने तुला कंजूष म्हटलं होतं तेव्हा तू म्हणाली होतीस, “मी काटकसरी आहे. कंजूष वेगळा.” इंग्रजीतही ‘फ्रूगल’ आणि ‘मायझर्ली’ असेच शेजारी राहतात, पण एकात कौतुक आहे, दुसऱ्यात टोचणी. यादीत दोघांपुढे अर्थ एकच लिहिलेला होता.

शब्द पाठ करणं सोडलं नाही, पण कमी केलं, आणि शब्दाऐवजी वाक्य लिहू लागले. सोपे वाटणारेच जास्त फसवतात. ‘सँक्शन’ म्हणजे मंजुरीही आणि निर्बंधही. ‘क्वालिफाइड’ स्तुती म्हणजे पात्र माणसाची स्तुती नव्हे, हातचं राखून केलेली स्तुती.

वेळेचं थोडक्यात सांगते. वर्बलचे दोन भाग, पहिल्यात १२ प्रश्न १८ मिनिटांत, दुसऱ्यात १५ प्रश्न २३ मिनिटांत. पहिला कसा जातो त्यावर दुसरा किती अवघड येईल ते ठरतं. मार्चमध्ये एका उताऱ्यापाशी मी अडून बसले आणि तीन प्रश्न कोरे राहिले. चुकीला गुण कापत नाहीत, म्हणजे ते अंदाजाने भरायलाच हवे होते. या वेळी अडलेल्या प्रश्नाला अंदाजाने उत्तर देऊन, खूण करून पुढे गेले आणि शेवटच्या दोन मिनिटांत परत आले.

अर्ज डिसेंबरात भरायचे आहेत. गुण पाच वर्षं चालतात, त्यामुळे यंदा नाही झालं तर पुन्हा परीक्षेला बसायला नको. जायचं ठरलं तर तुमच्या दोघांचं इथे कसं, हे माझ्या मनात रोज येतं. ते फोनवर नको, समोर बसून बोलू.

शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटहून वाईची एसटी पकडते. बाबा, दुसऱ्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी सोमवारी डॉक्टरांकडे जायचं आहे, मी रजा टाकली आहे. आई, मागच्या दोन रविवारची कोडी रद्दीत घालू नकोस. अर्धी माझ्यासाठी ठेव.

तुमची लेक