पिवळी फाल्कन आणि भाच्याची कॉन्टेसा

संपादक महोदय, सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या सेडान गाड्यांपासून सिनेमातल्या गाड्या बनवणाऱ्या हौशी लोकांवर जो लेख आला तो मी इथे मेलबर्नला बसून मोबाईलवर वाचला. लेखकाने या सगळ्याला 'नकली माल' म्हणून मोकळं केलंय. राग नाही आला, हसूच आलं, कारण त्यातलाच एक नकली माल गेली पाच वर्षं माझ्या शेडमध्ये उभा आहे आणि बायको पण त्याला साधारण हेच म्हणते.

माझी गाडी म्हणजे फोर्डची फाल्कन, एक्सबी नावाचं जुनं मॉडेल, चार दरवाज्यांची. तिची 'मॅड मॅक्स' या ऑस्ट्रेलियन सिनेमातली पोलिसांची पिवळी गाडी करायचं चाललंय. तो सिनेमा १९७९ चा, शूटिंग इथेच मेलबर्नच्या आसपास झालेलं. सगळ्यांना आठवते ती नायक मॅक्सची काळी गाडी, पण ती फाल्कनचं दोन दरवाज्यांचं स्पोर्टी मॉडेल, जीटी, आणि तशी गाडी आज माझ्यासारख्या पगारदाराने फक्त प्रदर्शनात बघायची. पिवळी मात्र साध्या सेडानवर बनते, म्हणून आमच्यासारखे लोक तिच्या मागे.

आता 'नकली'चं बघू. सिनेमावाल्यांकडे पैसे नव्हते हो. ती खरी पिवळी गाडी म्हणजे १९७४ ची मेलबर्न पोलिसांनी वापरून काढून टाकलेली फाल्कन, त्यात ३५१ क्युबिक इंचाचं म्हणजे ५.८ लिटरचं इंजिन. तिच्या सोबतीची दुसरी पण पोलिसांचीच जुनी, आणि तिसरी तर चक्क मेलबर्नची टॅक्सी होती, सहा सिलिंडरची! त्या काळ्या गाडीच्या बॉनेटमधून जो सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा ढकलणारा पंप) वर आलेला दिसतो ना, ज्याच्यावर अख्खं जग फिदा आहे, तो पण शोभेचाच होता, बेल्ट फिरलेला दिसावा म्हणून इलेक्ट्रिक मोटर लावलेली. म्हणजे जुनी सेडान घ्या, पत्रा ठोका, रंग मारा आणि उभी करा कॅमेऱ्यासमोर, असला सगळा मामला. मग आम्ही शेडमध्ये वेगळं काय करतो? उलट मला तर वाटतं आमचीच पद्धत मूळ पद्धतीच्या जास्त जवळची आहे.

पण हे काम लेखात लिहिलंय तसं 'दोन स्टिकर आणि एक डबा रंग' एवढ्यात होत नाही. मी गाडी घेतली तेव्हा विकणारा म्हणाला, बॉडी एकदम सॉलिड. घरी आणून मागच्या काचेच्या खालचा रंग खरवडला तर आत पत्रा नव्हताच, नुसती पुट्टी, अंगठ्याएवढी जाड, आणि ती निघाली तशी डिक्कीतून थेट शेडची फरशी दिसायला लागली. मी मूळचा कोल्हापूरचा, लहानपण उद्यमनगरात वडिलांच्या वर्कशॉपात गेलेलं, त्यामुळे गंज मला नवा नव्हता, तरी त्या दिवशी मी तिथेच स्टूलवर बसून राहिलो. पहिली दोन वर्षं फक्त कापणे आणि वेल्डिंग. त्यात पत्रा पातळ, जरा करंट जास्त झाला की भोक, मग ते भोक भरा, की शेजारी दुसरं भोक. पिवळा रंग लागला तो चौथ्या वर्षी, आणि लाल-निळे पट्टे तर अजून एका बाजूचेच झालेत.

आणि एक, चालती गाडी कापायची नाही हे मी पहिल्यापासून ठरवलेलं. फाल्कन बनवणारा इथला कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, जुन्या गाड्या आता आहेत तेवढ्याच. इंजिन जाम, कागद हरवलेले, शेतात पडून असलेली अशीच घ्यावी. चांगली धडधाकट गाडी सिनेमाच्या नादात कापणाऱ्यांबद्दल लेखक जे बोललेत ते मात्र मला शंभर टक्के पटलं.

आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी हे पत्र. लेखात म्हटलंय असल्या गाड्यांवर सरसकट बंदीच हवी. अहो, भारतात ती जवळपास आहेच की. गाडीत असे बदल करू न देणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पण सांगितलं की कंपनीच्या मूळ रचनेपेक्षा वेगळी गाडी चालायची नाही, आणि कायद्याप्रमाणे मालकाने बदल केला तर प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. २०२१ मध्ये ५० वर्षांवरच्या गाड्यांना 'व्हीए' नंबर द्यायची सोय झाली, छान झालं, पण ती मूळ रूपात ठेवलेल्या गाड्यांना. आमच्यासारख्यांना कुठेच जागा नाही.

इथे व्हिक्टोरियात, म्हणजे मेलबर्न ज्या राज्यात आहे तिथे, काय करतात, तर गाडीत मोठा बदल केला की सरकारमान्य इंजिनिअरकडे न्यायची, तो ब्रेक, वेल्डिंग, सीटबेल्ट सगळं तपासतो आणि नापास पण करतो (मला एकदा केलंय, ब्रेकच्या पाइपवरून). पास झाली आणि गाडी २५ वर्षांवरची असेल तर क्लबमार्फत परमिट मिळतं, वर्षाला ४५ किंवा ९० दिवस, आणि बाहेर काढण्याआधी लॉगबुकात तारीख लिहायची, नाही लिहिली तर दंड. छपरावरचे पोलिसी दिवे रस्त्यावर लावायचे नाहीत. हे असलं काहीतरी आपल्याकडे का नको? धोकादायक गाडी आपोआप बाहेर राहते, आणि ज्याला मनापासून करायचंय त्याला चोरून करावं लागत नाही.

हे सगळं लिहायला कारण माझा भाचा. कोल्हापुरात त्याने एक बंद पडलेली कॉन्टेसा, हिंदुस्तान मोटर्सची जुनी सेडान, आणलीये आणि तिची काळी 'मॅक्सची गाडी' करायची म्हणतो. मी त्याला सांगितलंय, कर पण गणपतीच्या देखाव्यात उभी कर, रस्त्यावर काढू नकोस. तो म्हणतो मामा, तू तिकडे फिरवणार आणि मी देखाव्यात ठेवू? यावर माझ्याकडे उत्तर नाही, तुमच्या लेखकांकडे असेल तर छापा. सध्या कॉन्टेसा विटांवर उभी आहे, डिक्कीत मांजरीने पिल्लं घातलीत, आणि ती पिल्लं हिंडायला लागेपर्यंत ग्राइंडरला हात लावायचा नाही अशी बहिणीची ताकीद आहे.

आपला,
एक कोल्हापूरकर, मेलबर्न