‘कमांडो बॅच’ची फी भरण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

भरतीचा हंगाम जवळ आला की आपल्या दैनिकाच्या जिल्हा पुरवणीत ‘पॅरा कमांडो स्पेशल बॅच’, ‘थेट कमांडो भरती, शंभर टक्के हमी’ अशा जाहिराती सुरू होतात. मरून म्हणजे गडद तांबड्या रंगाच्या टोपीतला जवान, हातात रायफल, खाली दोन मोबाइल नंबर. फीचा आकडा मात्र फोनवरच कळतो. या फीपायी कुणाचं मंगळसूत्र गहाण पडतं, कुणाची म्हैस विकली जाते. पहाटे मैदानावर पोरांना फुकट पळवणारे आम्ही काही माजी सैनिक आहोत. म्हणून या ‘बॅच’मध्ये काय सांगितलं जात नाही, तेवढं लिहितो.

पहिली गोष्ट, कमांडो हे भरतीच्या अर्जातलं पद नाही. लष्करात आधी शिपाई म्हणून (सध्या अग्निवीर म्हणून) सगळ्यांच्याच रांगेतून जावं लागतं. पॅरा कमांडो ज्या पॅराशूट रेजिमेंटचे, तिच्याकडे तिथून दोन वाटा जातात. भरतीनंतर हीच रेजिमेंट वाट्याला आली तर बेंगळुरूच्या प्रशिक्षण केंद्रात जायचं. दुसऱ्या रेजिमेंटमध्ये असाल तर स्वेच्छेने नाव द्यायचं. दोन्हीकडून आलेल्याला प्रोबेशन, म्हणजे निवडीचा कसोटीचा काळ, चुकत नाही, आणि त्यात जो टिकत नाही तो दुसरीकडे किंवा आपल्या मूळ पलटणीत परत जातो. मार्कोसमध्ये (नौदलाच्या कमांडोंमध्ये) जायचं तर आधी नौदलात भरती व्हावं लागतं. एनएसजीत (राष्ट्रीय सुरक्षा रक्षक दलात) थेट भरतीच नाही. तिथे लष्कर आणि केंद्रीय पोलीस दलांतून माणसं प्रतिनियुक्तीवर येतात. आपल्या राज्य पोलिसांचं कमांडो दल फोर्स वन, त्यासाठी आधी महाराष्ट्र पोलीस; नक्षलविरोधी पथक सी-६०, त्यासाठी गडचिरोली पोलीस. हवाई दलाच्या गरुड कमांडोंसाठी थेट वायुसैनिक घेतले गेले आहेत हे खरं, पण तीही हवाई दलाची स्वतःची निवड. कुठल्याही अकॅडमीला तिथे वशिला नाही. तेव्हा ‘थेट’ आणि ‘हमी’ हे दोन शब्द दिसले की पाकीट खिशातच ठेवावं.

मरून टोपीबद्दलही गोंधळ आहे. ती पॅराशूट रेजिमेंटमधल्या सगळ्यांनाच मिळते. ‘बलिदान’ बिल्ला मात्र फक्त स्पेशल फोर्सेसवाल्यांचा, म्हणजे रेजिमेंटमधल्या कमांडो पलटणींचा. २०१९ च्या विश्वचषकात धोनीच्या ग्लोव्हजवर तो दिसला आणि तेव्हापासून टी-शर्टांवर, बुलेटच्या टाकीवर, मानेवर सगळीकडे झळकतो. मानेवर म्हणजे गोंदवून. सैन्यात कायमचं गोंदण चालतं ते कोपरापासून मनगटापर्यंत हाताच्या आतल्या बाजूला आणि पंजाच्या पाठीवर. आदिवासी उमेदवारांना त्यांच्या प्रथेनुसार सवलत आहे. मानेवर नाहीच. कमांडोचा बिल्ला अंगावर गोंदवून घेतल्यामुळेच मेडिकलला बाद होणारा मुलगा पाहिला की हसावं की रडावं कळत नाही.

मेडिकलचा विषय निघालाच आहे, तर फी भरण्याआधीची सगळ्यात स्वस्त गोष्ट सांगतो. मुलाला आधी सरकारी रुग्णालयात न्या. रंगांधळेपणा (ठिपक्यांच्या पुस्तकातला आकडा वाचता येतो का), सपाट तळवे, गुडघे एकमेकांना लागणं, पायाच्या फुगलेल्या शिरा, हायड्रोसील, कानाचा पडदा, नजर, एवढं बघून घ्या. यातलं काही शस्त्रक्रियेने सुधारतं, त्याला वेळ लागतो. रंगांधळेपणा आणि गुडघ्यांची ठेवण पळून बदलत नाही. दोन वर्षं पळवून, दोन वर्षांची फी घेऊन मग मेडिकलला कळतं, हा प्रकार दरवर्षी चालतो. कानातला मळही डॉक्टरकडून काढून घ्या. पडदा दिसला नाही तर तपासणी लांबते.

आता मैदान. आधी ऑनलाइन लेखी परीक्षा आणि त्यात पास झालेल्यांचीच रॅली (मैदानी भरती), हा क्रम २०२३ पासून आहे. तरी पुस्तक न उघडता फक्त पळणारी मुलं अजून भेटतात. रॅलीत १६०० मीटर ५ मिनिटं ३० सेकंदांत पळालात तर ६० गुण, दहा पुलअप्सचे ४०. नऊ फुटी खड्डा आणि झिगझॅग बॅलन्स (नागमोडी पट्टीवरून तोल सांभाळत चालणं) फक्त पार व्हावे लागतात. साडेपाच मिनिटं म्हणजे ४०० मीटरची एक फेरी सव्वाब्याऐंशी-साडेब्याऐंशी सेकंदांत, अशा चार. बहुतेक मुलं गर्दीच्या रेट्यात पहिली फेरी सत्तरीत मारतात आणि तिसऱ्या फेरीला पाय शिशाचे होतात. आठवड्यातून एकदा ८२ सेकंदांच्या सहा फेऱ्या माराव्या, मध्ये दोन मिनिटं चालावं, म्हणजे ती गती अंगात बसते. एक दिवस लांब आणि सावकाश पळावं, एवढं सावकाश की पळताना बोलता आलं पाहिजे. रोज छाती फुटेस्तोवर पळण्याने वेळ कमी होत नाही.

आणि मैदान टेपने मोजा. गावाकडची, अकॅडमीची ‘चारशेची’ फेरी पुष्कळदा ३७५ भरते. तिथे चार फेऱ्या ५:२० मध्ये मारणारा मुलगा प्रत्यक्षात १५०० मीटर पळालेला असतो. त्याच गतीने खऱ्या १६०० ला ५:४१ लागतात. म्हणजे ६० ऐवजी ४८ गुण, आणि मुलगा नशिबाला दोष देतो. पुलअप्सचंही तेच. कोपर पूर्ण सरळ, हनुवटी दांडीच्या वर, झोका न घेता. झोके देऊन मारलेले पंधरा मैदानावर सहाच मोजले जातात. ज्याला एकही जमत नाही त्याने स्टुलावर चढून हनुवटी दांडीवर ठेवावी आणि पाच सेकंद घेत खाली यावं. याने लवकर फरक पडतो.

‘कमांडो बॅच’चा खरा धोका इथून पुढे आहे. नवख्या मुलांच्या पाठीवर वाळूची गोणी देऊन डांबरी रस्त्यावर पळवतात. प्रोबेशनमध्ये १०, २०, ३०, ४० किलोमीटरच्या भार घेऊन केलेल्या स्पीड मार्च असतात हे खरं. पण ती तिथली चाचणी आहे, इथला पहिला धडा नव्हे. हाडाला भार सोसायला स्नायूपेक्षा जास्त वेळ लागतो. दम लवकर वाढतो, हाड मागे राहतं आणि नडगीला बारीक चीर जाते. ओळखायची खूण सोपी: दुखणं पूर्ण नडगीभर पसरलेलं असेल तर विश्रांती आणि मातीवर पळणं बहुधा पुरतं, पण अंगठ्याएवढ्या एकाच जागी दाबल्यावर कळ येत असेल, रात्रीही ठणकत असेल, तर पळणं त्याच दिवशी बंद. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे साफ येऊ शकतो, म्हणून ‘फोटोत काही नाही’ एवढ्यावर परत मैदानात उतरू नये. ‘दुखतंय म्हणजे तयार होतोयस’ म्हणणाऱ्या आणि वर वेदनाशामक इंजेक्शन टोचणाऱ्या मास्तरापासून मुलाला लांब ठेवा.

भार घ्यायचाच तर सहा महिने नीट पळून झाल्यावर, आठवड्यातून एकदा, आठ किलो, पाच किलोमीटर, झपाझप चालत. पुढच्या आठवड्यात एक तर वजन किलोभर वाढवा नाहीतर अंतर, दोन्ही एकदम नको. उतारावर पळू नये. वाळू पिशवीच्या तळाशी गेली की खांदे मागे ओढले जातात आणि कंबर धरते. वजन चादरीत गुंडाळून दोन्ही खांद्यांच्या मध्ये येईल असं बांधा. मोजे ओले झाले की थांबून बदला. फोड आल्यावर बदलून उपयोग नाही.

उन्हाळ्यात दोन गोष्टी जिवावर बेततात. घाम फुटलेला असताना नुसतं पाणी ढसाढसा पिऊन अंगातलं मीठ उतरतं. मळमळ, डोकेदुखी, मग मुलगा असंबद्ध बोलू लागतो. ताकात मीठ किंवा मीठ-साखरेचं पाणी सोबत ठेवा. दुसरं, अति बैठका आणि दोर चढल्यानंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर स्नायू फुटून मूत्रपिंडावर भार आला आहे असं समजा आणि त्याच तासाला दवाखाना गाठा. शिक्षा म्हणून पाचशे बैठका मारायला लावणाऱ्यांना हे माहीत नसतं, किंवा माहीत असून फिकीर नसते.

निवडीत काय पाहतात याबद्दलही गैरसमज आहे. दंड किती जाड आहेत हे कुणी विचारत नाही. झोप नाही, पाय सोललेले, पाठीवर भार, अशा वेळी डोकं चालतं का, सोबत्याचं ओझं उचलतो का, सांगितलेला तपशील चार तासांनी जसाच्या तसा सांगतो का, हे पाहतात. म्हणून नकाशा शिका. भारतीय सर्वेक्षण विभागाचा १:५०,००० चा नकाशा घेतला तर जमिनीवरचा एक किलोमीटर त्यावर दोन सेंटिमीटर असतो. होकायंत्रात पाच अंशांची चूक झाली तर दर किलोमीटरला सुमारे ८७ मीटर बाजूला जाता. दहा किलोमीटरला पाऊण किलोमीटरहून जास्त. सह्याद्रीत याचा अर्थ भलत्याच घळीत उतरणं. स्पेशल फोर्सेसच्या तुकडीत स्फोटकं, संदेशवहन, प्रथमोपचार अशी कामं वाटलेली असतात, आणि तिथे बारावीचं गणित-विज्ञान कामाला येतं. ‘अभ्यास जमत नाही म्हणून कमांडो’ हा हिशेब चुकीचा आहे.

पोहण्याचंही सांगायला हवं. विहिरीत पाठीला डबा बांधून शिकलेला मुलगा सूर छान मारतो, पण डोकं वर धरून पोहत असल्यामुळे पन्नास मीटरला दमतो. मार्कोसचं स्वप्न असेल तर तोंड पाण्यात घालून, श्वास पाण्यात सोडून, पाचशे मीटर न थांबता पोहता येईपर्यंत सराव करा. एकट्याने श्वास रोखायची शर्यत मात्र कधीही लावू नका. शुद्ध हरपते आणि वर कुणाला आवाजही येत नाही.

पॅराशूटची उडी ही सगळ्यात शेवटची गोष्ट. आग्र्याला हवाई दलाच्या शाळेत पाच उड्या, त्यात एक रात्रीची, आणि त्यानंतर छातीवर पॅराट्रूपरचा पंखांचा बिल्ला. तिथे आधी जमिनीवर तासन्‌तास पडायला शिकवतात: पाय जुळलेले, गुडघे किंचित वाकलेले, अंग बाजूला लोळवायचं. पाय फाकले की घोटा गेला. इकडे पहिल्या मजल्यावरून उडी मारायला लावून ‘पॅरा ट्रेनिंग’ म्हणणारे महाभागही आहेत.

महाराष्ट्राचं या दलाशी नातं जुनं आहे. आजची २ पॅरा म्हणजे पूर्वीची ३ मराठा. १९७१ च्या युद्धात ११ डिसेंबरला टांगाईलला (आजच्या बांगलादेशात) पॅराशूटने उतरलेली तीच. २१ मराठा लाइट इन्फंट्री १९९६ मध्ये २१ पॅरा (स्पेशल फोर्सेस) झाली. कर्नल संतोष महाडिक याच पलटणीचे, साताऱ्याचे. त्यामुळे मुलांना तिकडे ओढ असणारच, आणि असावी. फक्त अग्निवीराची सेवा चार वर्षांची आणि त्यातले २५ टक्क्यांपर्यंतच पुढे कायम, हे घरच्यांनी कर्ज काढण्याआधी धरून चालावं. अधिकारी व्हायचं असेल तर छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आहे. ती राज्य सरकारची आहे आणि एनडीएची (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीची) तयारी करून घेते. या संस्थेची माहिती जिल्हा पुरवणीत क्वचितच दिसते.

आपल्याकडे मागणं एवढंच: जाहिरात विभागाने ‘थेट’ आणि ‘हमी’ असलेल्या सैन्यभरतीच्या जाहिराती परत पाठवाव्यात. ते जमत नसेल तर प्रत्येक जाहिरातीखाली एक चौकट छापा की ऑनलाइन परीक्षेचं शुल्क सोडून भरतीला पैसे लागत नाहीत, आणि शंका असल्यास पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूर किंवा मुंबईच्या सैन्यभरती कार्यालयात विचारावं.

आपले,
काही माजी सैनिक, कराड तालुका