पॅटर्न शॉपच्या मामांना

मामा, नमस्कार.

तोंडानं आभार मानायला गेले की तुम्ही "बास की आता" म्हणून विषय तोडता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय. बेळगावच्या उद्यमबागेतल्या आमच्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, साच्यांसाठी लाकडी नमुने घडवणाऱ्या पॅटर्न शॉपमधला एक माणूस माझा साहेब नाही, नातेवाईक नाही, माझं काही देणं लागत नाही, आणि तरीही त्याच्यामुळं मी आज या नोकरीत उभी आहे, हे लोकांना कळू दे.

प्लॅनिंगच्या टेबलाची गत तुम्ही रोज बघता. कोअर शॉपचा माणूस समोर, डिस्पॅचची गाडी गेटवर, पुण्याच्या गिऱ्हाईकाचा फोन, त्यात व्हॉट्सॲपवर फोटोंचा मारा. ट्रान्सपोर्टवाल्याशी कन्नड, मोल्डिंगच्या पोरांशी हिंदी, तुमच्याशी मराठी. आणि या सगळ्यात कुठल्या हीटला, म्हणजे भट्टीतल्या एका वितळवणीला, लोखंडाचा कुठला ग्रेड लावायचा याचा मेळ बसवायचा. एक आकडा चुकला की अख्खी हीट वाया.

आधीच्या कंपनीतही हेच होतं. तिथल्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावून "तुझं कामात लक्ष नसतं" असं सुनावलं, आणि सुनावता सुनावता मधेच स्वतःचे फोन घेत राहिले. मग हॉटेलात दिवसभराचं ट्रेनिंग झालं. चार चौकोन आखून तातडीचं कुठलं, महत्त्वाचं कुठलं ते शिकवलं. दुसऱ्या दिवशी त्याच साहेबांचं सगळंच तातडीचं. लक्ष मोडणारेच माझ्याकडं बोट दाखवत होते, याचा राग अजून गेलेला नाही.

महिनाअखेरीच्या त्या दुपारी तुम्ही ड्रॉइंगवर सही घ्यायला आलात. मी आकड्यांत बुडाले होते आणि डोळे भरून आले होते. तुम्ही काही विचारलं नाहीत. कोपऱ्यातलं स्टूल उचललंत, टेबलावरचा माझा फोन घेतलात, दाराबाहेर जाऊन ड्रॉइंगची गुंडाळी मांडीवर ठेवून बसलात. येईल त्याला एकच उत्तर. "या की, खरं अर्ध्या तासानं. आकडे लावायलीय ती."

मालक आले तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. तुम्ही उठून उभे राहिलात, आवाज चढवला नाहीत. "साहेब, एसजीचं मेटल ओतताना लॅडलवाल्याला कोण हाक मारतंय काय? हिचं बी तसंच चाललंय." एसजी म्हणजे मॅग्नेशियम घालून केलेलं चिवट लोखंड. मॅग्नेशियम टाकल्यावर दहाएक मिनिटांत मेटल साच्यात गेलं नाही तर त्याचा असर उतरतो, हे मालकांना सांगायला नको. ते काही न बोलता परत गेले.

आणि मामा, तुमची सही तशीच राहिली होती! माझ्यामुळं तुमचं स्वतःचं काम अडलं होतं, तरी तुम्ही दार राखत बसलात. हे मी जन्मात विसरणार नाही.

नंतर वाचनात आलं. सोफी लरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये दाखवलंय, की एक काम अर्धवट टाकून दुसऱ्याला हात घातला तरी मनाचा काही भाग पहिल्याच कामात अडकून राहतो आणि दुसरंही नीट होत नाही. पुढं २०१८ मध्ये त्यांनी आणि थेरेसा ग्लॉम्ब यांनी मांडलं, की उठण्याआधी कुठं थांबलो आणि परत आल्यावर काय करायचं हे थोडक्यात लिहून ठेवलं तर मन पुढच्या कामाला मोकळं होतं. तुम्ही तर जेवायला उठतानाही लाकडावर पेन्सिलीनं खूण करून उठता. मी आता वहीत तेच करते. फरक पडलाय, खूप पडलाय.

आता स्टोअरचे अण्णासुद्धा माझं डोकं खाली दिसलं की दारातच थांबतात, मागून येणाऱ्याला "स्वल्प तडीरी", जरा थांबा, म्हणतात. बेळगाव म्हटलं की बाहेरच्यांना सीमावाद आणि पाट्यांची भांडणं तेवढी दिसतात. भाषा न विचारता एकमेकांचं काम जपणारी अशी माणसं इथं शॉपाशॉपात आहेत, त्यांच्याबद्दल कुणी चार ओळी लिहीत नाही. अशा सरळ माणसांमुळंच रोज सकाळी खानापूरहून निघताना आता छातीत धडधडत नाही.

रविवारी मामींना घेऊन घरी या. नाही म्हणू नका, आईनं मांड्यांची ऑर्डर देऊन ठेवलीय.

तुमची,
प्लॅनिंगमधली पोरगी