रांग खिडकीवर, खोळंबा दुसरीकडे

महोदय,

सरकारी रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीसमोर रांग वाढली की आणखी एक खिडकी उघडण्याची मागणी हमखास होते. ‘आभा’ या डिजिटल आरोग्य खात्याच्या क्यूआर कोडमुळे नोंदणी झटपट होऊ लागली, हे चांगलेच झाले, परंतु खिडकीवर वाचलेला वेळ रुग्णाला डॉक्टरांच्या दाराबाहेरील बाकावर काढावा लागत असेल, तर रांग केवळ पुढे सरकली, एवढाच त्याचा अर्थ.

नेमका खोळंबा कुठे होतो, हे संगणकीय सिम्युलेशनने, म्हणजे कामकाजाची संगणकावर नक्कल करून, आधीच तपासता येते. नोंदणी, तपासणी, रक्त-लघवी, एक्स-रे आणि औषधे या प्रत्येक टेबलावर केसपेपरच्या कोपऱ्यात येण्या-जाण्याच्या वेळेचा शिक्का काही आठवडे मारला, तर त्या नोंदींवरून संगणकात तीच ओपीडी उभी करता येते. मग रिपोर्ट घेऊन परतणाऱ्यांसाठी वेगळी खोली ठेवली किंवा डॉक्टर अर्धा तास उशिरा बसले तर काय होईल, हे एकाही रुग्णाला ताटकळत न ठेवता पाहता येते.

हा विचार नवा नाही. ब्रिटनमध्ये संख्याशास्त्रज्ञ नॉर्मन बेली यांनी १९५२ साली याच पद्धतीची आकडेमोड हाताने करून, सुरुवातीला दोन रुग्ण बोलवावेत आणि पुढच्यांना सरासरी तपासणीकाळाच्या अंतराने वेळा द्याव्यात, असे सुचवले होते. आपण मात्र आजही सर्वांनाच ‘सकाळी नऊला या’ असे सांगतो!

गर्दीचे गणित फसवे असते. रुग्ण केव्हाही येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळ कमीअधिक असेल, तर रांगेच्या अगदी साध्या गणितानुसार एका डॉक्टरांचा ८० टक्के वेळ भरलेला असताना रुग्णाला सरासरी तपासणीच्या चौपट वेळ थांबावे लागते, तर ९० टक्क्यांवर नऊपट. म्हणजे पाच मिनिटांच्या तपासणीसाठी ८० टक्क्यांवर वीस, तर ९० टक्क्यांवर पंचेचाळीस मिनिटे.

यासाठी लागणारे ‘सिमपाय’सारखे सॉफ्टवेअर मोफत मिळते आणि जिल्ह्यातील अभियांत्रिकी महाविद्यालयांचे विद्यार्थी हे काम प्रकल्प म्हणून करू शकतील. आरोग्य विभागाने निदान एका जिल्हा रुग्णालयात हा प्रयोग करावा आणि त्याचे निष्कर्ष, ते अडचणीचे असले तरी, जाहीर करावेत. अर्थात, रिक्त पदांवर हा उतारा नव्हे. उलट, डॉक्टरांचे एक पद रिकामे राहिल्याने रुग्णांची प्रतीक्षा किती लांबते, याचा हिशेबच त्यातून विभागाच्या हाती पडेल.

– एक वाचक, सातारा