मात्तेओ सर, खाली कसं ठेवायचं ते दाखवलंत

मात्तेओ ग्वारीझे सर,

सप्रेम नमस्कार.

हे मराठी पत्र इटलीतल्या रिमिनीपर्यंत पोहोचायची शक्यता नाहीच. न पोहोचो. २०२४ च्या जानेवारीत काउनासला तुम्ही बर्फावरच्या जोडीच्या स्केटिंगमध्ये युरोपचे विजेते झालात, तेव्हापासून तुमचे आभार मानायचे राहिलेत ही गोष्ट डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय. आमच्याकडे रिंकवर शिकवणारा वीस वर्षांचा पोरगा असला तरी मुलं त्याला ‘सर’च म्हणतात. तुम्ही तर समोर न येता शिकवलंत, तेव्हा सर म्हणणं आलंच.

‘आमच्याकडे’ म्हणजे चाकांवर. पुण्या-मुंबईची, नागपूरची आर्टिस्टिक, म्हणजे संगीतावरचं उड्या-गिरक्यांचं स्केटिंग, करणारी मुलं क्वाडवर शिकतात. पुढे दोन चाकं, मागे दोन, टोकाला रबरी स्टॉपर. स्पर्धेच्या मापाचा, ६० बाय ३० मीटरचा, छताखालचा बर्फाचा रिंक बघायचा तर थेट देहरादून गाठायचं. तोही २०११ च्या दक्षिण आशियाई हिवाळी स्पर्धांसाठी बांधला आणि नंतर वर्षानुवर्षं कुलपात राहिला. त्यामुळे इथे कुणी बर्फाचं नाव काढलं की एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘चाकांवरचं तिथे काही चालत नाही, उलट सवयी मोडाव्या लागतात.’ हे सांगणाऱ्यांत छातीवर बिल्ला लावलेलेही असतात. कुठली सवय मोडायची आणि कुठली जपायची, एवढं विचारलं की मात्र चहा येतो आणि विषय बदलतो.

त्या प्रश्नाचं उत्तर तुमच्या कारकिर्दीत आहे. कुणी शोधायची तसदी घेतली नाही, इतकंच.

२००८ मध्ये सारा वेनेरूचीबरोबर तुम्ही रोलरच्या पेअर्समध्ये, म्हणजे जोडीच्या स्केटिंगमध्ये, जगज्जेते झालात. चाकांवरच्या आर्टिस्टिकमध्ये इटली म्हणजे कबड्डीतला भारत, त्यामुळे तिथे पहिलं येणं सोपं नाही. मग तुम्ही चाकं उतरवलीत आणि बर्फावरच्या पात्यावर उभे राहिलात. २०११ पासून निकोल देल्ला मोनिका जोडीदार. सोची, प्योंगचांग, बीजिंग अशी तीन ऑलिंपिक. प्योंगचांगला दहावे. २०१९ ला मिन्स्कमध्ये युरोपियन स्पर्धेत चौथे. पदकाच्या फोटोत तीनच जोड्या मावतात, म्हणून तो चौथा नंबर आज कुणाला आठवत नाही. आम्हाला आठवतो.

पायांचा हिशेब आधी मांडतो. क्वाडवर वळायचं तर बुटाखालची प्लेट कलते, ट्रकमधलं (चाकांचा आस धरणाऱ्या भागातलं) कुशन दबतं आणि चारही चाकं जमिनीवर राहून बूट वळतो. नट किती आवळला आहे, त्यावर एज, म्हणजे एका बाजूला कलून घेतलेलं वळण, किती खोल जाईल ते ठरतं. पात्याला नट नाही. ते जेमतेम चार मिलिमीटर जाड, खालून पन्हाळीसारखं कोरलेलं, म्हणून आतली आणि बाहेरची अशा दोन धारा. शिवाय लांबीला किंचित कमान. जो कल कुशन देत होतं तो आता घोट्याने आणि गुडघ्याने द्यायचा. क्वाडवरून आलेला माणूस बरेच महिने दोन्ही धारांवर सपाट उभा राहतो, कारण त्याला चौरंगावर उभं राहायची सवय असते. पंचांना ते लगेच दिसतं.

दुसरी भानगड वेगाची. चाक प्रत्येक पावलाला थोडा वेग खातं, बर्फ फार कमी खातो. चाकांवरचा मुलगा लिफ्टमध्ये, म्हणजे जोडीदाराला डोक्यावर उचलायला, शिरताना वेग टिकवायला जास्तीचा जोर लावतो. बर्फावर तेवढाच जोर लावला की तो जोडीदाराच्या आधी पोहोचतो आणि उचलायच्या क्षणी ती अजून त्याच्या खांद्यामागे असते. मग तिला ओढून पुढे आणावं लागतं, कोपर वाकतं, आणि वाकलेल्या कोपराने वर ढकललं की सगळा ताण कमरेवर येतो. ताकद कमी पडली असं सगळे म्हणतात आणि पोराला जिममध्ये धाडतात. चूक जिमच्या आधीची, पावलं मोजण्यातली असते.

जपायचं काय, तर कमरेच्या वरचं सगळं. चाकांवर पेअर्स केलेला पुरुष डोक्यावर माणूस धरून गिरक्या घ्यायला आधीच शिकलेला असतो. तिचा भार मनगटातून कोपरात, कोपरातून खांद्यात आणि तिथून सरळ पायाखाली कसा उतरवायचा हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. तिचं वजन दोन बोटं सरकलं तर आपण किती सरकायचं, हे त्याला विचार न करता कळतं. पाय नव्याने शिकता येतात. हे वरचं शिकायला वर्षं जातात, आणि ती वर्षं तुम्ही चाकांवर घालवलेली होती. चाकांवरचं काही चालत नाही म्हणणाऱ्यांनी तुम्हाला फक्त गुडघ्याखाली बघितलं असणार.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं तिथे येतो.

ट्रिपल ट्विस्टमध्ये सगळे वर बघतात. जोडीदार उलट दिशेने जात येते, तुमचे हात तिच्या कमरेला, तिचे तुमच्या मनगटांवर. ती टो-पिक (पात्याचं दातेरी टोक) रोवते, तुम्ही गुडघ्यातून ढकलता, ती सुटते, तीन गिरक्या, टाळ्या. हवेत ती पुरता एक सेकंदही नसते. आम्ही तेवढ्या वेळात तुमचे हात बघतो. ती सुटली की ते रिकामे होतात, पण खाली पडत नाहीत, छातीशीही येत नाहीत. ती जिथे येणार तिथे, वर, उघडे थांबतात. मग ती येते आणि हात दोन्ही बाजूंनी कमरेवर बसतात. तिचा हात किंवा खांदा तुमच्या अंगाला न टेकता झेल झाला तर नियमांत त्याची नोंद आहे, अवघडपणाची लेव्हल वाढते. ते ठीक.

पण झेलल्यानंतरचा अर्धा श्वास! तुमचे गुडघे तिच्याबरोबर खाली जातात. पाठ ताठ राहते, वाकतात ते गुडघेच. तिचं पातं बर्फाला लागतं, उलट दिशेने, बाहेरच्या धारेवर. तरीही हात सुटत नाहीत. ती धार धावायला लागली, वळण घेऊ लागली, की मग बोटं एकेक करून सैल होतात. विहिरीवरून आलेली बाई भरलेली घागर ओट्यावर टेकवते आणि लगेच हात काढत नाही. घागर बसली आहे हे तळव्याला कळेपर्यंत धरून असते. अगदी तसं. पंच त्याचा थोडाफार गुण देतात, प्रेक्षक तोवर पुढच्या उडीची वाट बघत असतात.

हे काही तुम्ही एकट्यानेच शोधलेलं नाही. चांगला पेअर्सचा पुरुष असंच ठेवतो. पण चाकांवरून गेलेल्या माणसाच्या हातात ते दिसलं, म्हणून आमच्या मुलांना ते आपलं वाटलं. त्याबद्दल आभार.

कारण बिघडतं ते इथेच. मुलगा तिला वर न ढकलता पुढे ढकलतो, मग स्वतः तिच्या मागे धावतो आणि झेल बगलेत होतो. किंवा ती त्याचा ढकल पूर्ण व्हायच्या आधीच गिरकी सुरू करते, म्हणजे उंची गेली, आणि उतरताना तिचं कोपर थेट त्याच्या नाकावर. एकदा कोपर लागलं की पुढच्या वेळी तो नकळत मान मागे घेतो. मान मागे गेली की हात खाली येतात, हात खाली आले की झेल उशिरा, आणि उशिरा झेललेली मुलगी दोन्ही पायांवर आदळते. घोटे तिचे दुखतात. पण चुकीचं मूळ त्याच्या मानेत असतं. हे एवढं साधं कारण सांगायला कुणी तयार नसतं, ‘विश्वास ठेवा एकमेकांवर’ म्हणून मोकळे होतात. विश्वास असतोच हो. मान सांगा!

लिफ्टचंही तेच. पुरुषाच्या गिरक्या साडेतीनच्या पुढे जाऊ द्यायच्या नाहीत असा नियम आहे. तिसऱ्या गिरकीला वेग मंदावलेला असतो, दंड थरथरत असतो आणि शरीर सांगत असतं की आता टाक. त्यातून मोठा कार्यक्रम (काउनासच्या वेळी) चार मिनिटांचा: तीन लिफ्ट, दोन थ्रो, एक ट्विस्ट, एक डेथ स्पायरल (हात धरून तिला बर्फालगत गोल फिरवणं), शिवाय दोघांनी बरोबरीने मारायच्या उड्या. शेवटच्या लिफ्टला पायांत काही उरलेलं नसतं. उचलणं तेव्हाही जमतं, कारण उचलण्यासाठी माणूस जोर गोळा करतो. ठेवण्यासाठी कुणी जोर राखून ठेवत नाही. जोडीतल्या मुलाला भेटणारा जो तो विचारतो, ‘किती किलो उचलतोस रे?’ ‘खाली कसं ठेवतोस’ असं कुणी विचारत नाही. समालोचनात तर नुसता रोमान्स चालू असतो.

आपल्याकडे चाकांवरची पेअर्स नवी नाही. २०१० च्या ग्वांगझू एशियाडमध्ये अनूप कुमार यामा आणि अवनी पांचाल यांनी पेअर्सचं कांस्य आणलं होतं. तरी मुलगे आर्टिस्टिककडे फिरकत नाहीत, स्पीडला नाहीतर हॉकीला जातात, आणि चांगल्या तयारीच्या मुली जोडीदाराविना एकेरीतच राहतात. अशा वेळी जोडीतल्या पुरुषाचं काम दिसायला कमी आणि करायला अवघड असतं हे दाखवायला कुणीतरी लागतं.

२०२२ मध्ये बीजिंगनंतर निकोल थांबली. तुम्ही ३३ वर्षांचे, तीन ऑलिंपिक झालेली. घरी बसला असतात तरी कुणी नाव ठेवलं नसतं. तुम्ही लुक्रेत्सिया बेक्कारीला घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीत. ती २००३ ची, म्हणजे तुमच्याहून पंधरा वर्षांनी लहान, आणि आलेली एकेरीतून.

एकेरीतून आलेल्या मुलीची अडचण बाहेरून कळत नाही. तिला उडी येते, गिरकी येते, सगळं येतं. पण तिचं अंग हवेतून बर्फ शोधत खाली येतं. तिसरी गिरकी संपता संपता ती हात उघडते, पाय लांब करते, कारण आयुष्यभर तिने स्वतःलाच उतरवलेलं असतं. थ्रोमध्ये हे चालतं, तिथे पुरुषाने सोडायचं आणि तिने एकटीने उतरायचं असतं. ट्विस्टमध्ये मात्र तिने बर्फ शोधायचाच नाही. हात शोधायचे. ते हात दर वेळी त्याच जागी, त्याच उंचीवर सापडले तरच तिचं अंग बर्फ शोधायचं सोडतं. दहापैकी नऊ वेळा सापडून उपयोग नाही, ती दहावी वेळ अंगाला लक्षात राहते. म्हणजे तिला पेअर्स शिकवायचं तर आधी स्वतःच्या हातांना कंटाळा येऊ द्यायचा नाही. तीन ऑलिंपिक खेळलेल्या माणसाने सिंगल ट्विस्टपासून पुन्हा उभं राहायचं.

आणि जानेवारी २०२४ मध्ये, लिथुआनियातल्या काउनासला, तुम्ही दोघं युरोपचे विजेते. वय वर्षं ३५. त्याच पोडियमवर रेबेक्का गिलार्दी आणि फिलिप्पो आंब्रोसिनी यांचं कांस्य. आदल्या वर्षी फिनलंडमधल्या एस्पोला सारा कोंती आणि निक्कोलो माची यांनी इटलीला पेअर्सचं पहिलं युरोपियन सुवर्ण मिळवून दिलं होतं, दुसरं तुमचं.

‘रशियन नव्हते म्हणून’ असं लगेच ऐकू आलंच. नव्हते, खरं आहे. २०२२ च्या मार्चपासून त्यांच्यावर बंदी होती आणि त्यांच्या जोड्या असत्या तर पोडियम वेगळं दिसलं असतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण ज्या बाईची घागर नीट ठेवली गेली, तिला शेजारच्या गल्लीतून कोण आलं नाही याच्याशी काय करायचंय? आम्ही पदक बघत नव्हतो. आम्ही बोटं बघत होतो, ती केव्हा सुटतात ते.

आणखी काय लिहू. चांगुलपणा म्हटलं की लोकांना मोठमोठ्या गोष्टी आठवतात: देणग्या, भाषणं, स्टेजवरचे सत्कार. आमच्या रिंकच्या कट्ट्यावर हल्ली ‘ग्वारीझेसारखं ठेव’ असं म्हटलं जातं आणि सात-आठ वर्षांच्या मुलांनाही ते बरोबर समजतं. पेअर्स न करणारी पोरंसुद्धा लहान भावंडाला कठड्यावरून उतरवताना तेच म्हणतात, आणि गुडघे वाकवतात.

आपले,
चाकांवरचे काहीजण

ता. क. क्वाडवरून बर्फावर जाणारं कुणी हे वाचत असेल तर: थांबताना पुढे झुकून टोकावर भार द्यायची सवय पहिल्याच दिवशी सोडा. स्टॉपर घासतो, टो-पिक रुततो आणि माणूस तोंडावर येतो. भार चवड्याच्या किंचित मागे ठेवा आणि थांबायला पातं आडवं घासा. दातेरी टोक उडीसाठी आहे.