थालीपीठावर बारकोड लावू न देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सा. न.

समोर बसवून तुमचे आभार मानायला गेलं की तुम्ही "अगं, आधी चहा सांग" म्हणून विषय बदलता. म्हणून हे पत्र, आणि तेही उघड. ठाण्यात नवीन हॉटेल टाकणाऱ्या कुणाच्या कामी आलं तर येऊ दे.

तेव्हा राम मारुती रोडच्या मागच्या गल्लीतलं आपलं नऊ टेबलांचं दुकान जेमतेम सहा महिन्यांचं होतं. बिलं हातानं, केओटी, म्हणजे भटारखान्यात जाणारी ऑर्डरची चिठ्ठी, कार्बनच्या वहीत, आणि शनिवारी संध्याकाळी वाढपी आणि आचारी यांच्यात भांडण ठरलेलं. वैतागून मी एका विक्रेत्याला बोलावलं. त्यानं 'फुल सेट'चं कोटेशन दिलं: पंधरा इंची टचस्क्रीन, पाठीमागे गिऱ्हाइकाला आकडा दाखवणारा छोटा डिस्प्ले, दोन थर्मल प्रिंटर, कॅश ड्रॉवर, बारकोड स्कॅनर आणि वर्षभराचं सॉफ्टवेअर. सगळं मिळून ९४ हजार. मी ॲडव्हान्सचा चेक लिहायला घेतला होता. तेवढ्यात तुम्ही पियूष प्यायला आलात, कागद हातात घेतलात आणि विचारलंत, "बारकोड स्कॅनर कशाला? थालीपीठावर पट्टी चिकटवणार आहेस?"

तो चेक अजून पुस्तकातच आहे, अर्धवट लिहिलेला.

माटुंग्याच्या उडुपी हॉटेलात एकतीस वर्षं गल्ल्यावर बसलेला माणूस मला आता गल्ल्याचं यंत्र निवडून देणार, अशी माझी समजूत झाली. तुम्ही गल्ल्याकडे बघितलंही नाहीत. "ते नंतर. आधी भटारखाना," म्हणालात आणि दोन संध्याकाळी स्टूल टाकून भटारखान्याच्या दारात बसलात. चूक झाली की कार्बनच्या प्रतीवर पेन्सिलीनं फुली. दोन दिवसांत अकरा फुल्या पडल्या. त्यातली बिलाची चूक एकच. उरलेल्या दहा टेबल ते तवा या वाटेवर सांडलेल्या: 'कांदा नको' वाचलं गेलं नाही, पार्सलचं ताटात वाढलं, चिठ्ठी ओली झाली. आणि मी ९४ हजारांतले बहुतेक पैसे चूक जवळजवळ होतच नव्हती त्या टोकाला घालणार होते!

तव्याचा प्रयोग तर मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते. खिशातून औषधाच्या दुकानाचं थर्मल बिल काढलंत, चिमट्यात धरलंत आणि तव्याच्या जरा वर नेलंत. दोन-तीन सेकंदांत पांढरा कागद काळा ठिक्कर, एक अक्षर दिसेना. "यात शाई नसते. कागदावरच लेप असतो, आच लागली की काळा होतो. प्रिंटर तेच करतो, तुझा तवाही तेच करणार." आचारी मान हलवत राहिला. त्या विक्रेत्यानं दोन्ही प्रिंटर थर्मलच दिले होते, त्यातला एक थेट शेगडीच्या बाजूच्या फळीवर.

म्हणून आत टाइपरायटरसारखा रिबनवाला प्रिंटर आला, ७६ मिलीमीटरच्या साध्या कागदाचा. सावकाश छापतो, रिबन बदलावी लागते. पण चिठ्ठीवर वाफ येवो नाहीतर तेलाचा हात लागो, अक्षर राहतं. रिबन दुरंगी असल्यानं 'पार्सल' आणि 'कांदा नको' लाल निघतं. आणि तो करकरतो! एक्झॉस्ट आणि मिक्सर चालू असतानाही पाठ फिरवून उभ्या असलेल्या आचाऱ्याला कळतं की ऑर्डर आली. हा आवाज मी दोष समजत होते, तुम्ही तो गुण म्हणून मोजलात.

लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजाराची फेरी आठवते? दादरला गाडी बदलून ग्रँट रोड, आणि तुमच्या पिशवीत आपलं मेनूकार्ड. प्रत्येक दुकानात एकच हट्ट, "यावर 'कोथिंबीर वडी १, कांदा नको' छापून दाखवा, मराठीत." पहिल्या दुकानात कागदावर नुसती प्रश्नचिन्हं उमटली, ओळभर. दुकानदार म्हणाला, इंग्रजीत टाका ना. तुम्ही शांतपणे म्हणालात, "वाचणारा कुमाऊँचा आहे. देवनागरी वाचतो, तुमचं इंग्रजी नाही." तिसऱ्या दुकानातल्या पोरानं नीट समजावलं, की अशा प्रिंटरच्या पोटात बहुधा देवनागरी अक्षरं नसतातच, सॉफ्टवेअरनं आख्खी ओळ चित्र म्हणून पाठवली तर छापतो. म्हणजे भाषेचा प्रश्न प्रिंटरला नाही, सॉफ्टवेअरला विचारायचा. आपल्या केओटीची अक्षरं थोडी दातेरी निघतात, पण 'वडी'चा 'वडा' होत नाही.

गल्ल्यावरचा प्रिंटर मात्र थर्मलच घेतला, तीन इंची. दोन इंचीत आपल्या पदार्थांची नावं मधेच तुटतात. ड्रॉवरची वायर कॉम्प्युटरला नाही, प्रिंटरला लागते, प्रिंटरनं इशारा दिला की खण उघडतो, हे मला तुमच्यामुळे कळलं. नाहीतर त्या वायरीची जागाच नसलेला प्रिंटर मी उचलला असता. कॉम्प्युटर माझा जुनाच लॅपटॉप. सॉफ्टवेअर दाखवायला आलेल्या मुलासमोर तुम्ही राउटरचा प्लग ओढलात आणि "आता बिल कर" म्हणालात, तेव्हा त्याचं तोंड बघण्यासारखं झालं होतं. दुसऱ्या कंपनीच्या मुलानं नेट नसताना बिल काढलं, त्याला काम मिळालं. भटारखान्यापर्यंत वायफाय नको, केबलच, हाही तुमचाच आग्रह. मधे डीप फ्रीझर आणि स्टीलची कपाटं. वायफायच्या चिठ्ठ्या वाटेतच अडकल्या असत्या.

नमुन्याच्या बिलावर अडीच टक्के सीजीएसटी, अडीच टक्के एसजीएसटी अशा दोन ओळी होत्या. तुम्ही त्यांवर बोट ठेवून विचारलंत, "तू कंपोझिशनमध्ये ना?" वर्षाची उलाढाल दीड कोटीच्या आत, म्हणून मी जीएसटीची ती योजना घेतलेली. त्यात उलाढालीवरचे ५ टक्के आपण भरायचे, गिऱ्हाइकाकडून कर घ्यायचा नाही, आणि कागदावर 'बिल ऑफ सप्लाय' लिहायचं. त्या दोन ओळी तशाच राहिल्या असत्या तर मी रोज बेकायदा कर गोळा करत बसले असते. एफएसएसएआयचा, म्हणजे खाद्यपदार्थांच्या परवान्याचा, १४ आकडी नंबरही नमुन्यात नव्हता. १ जानेवारी २०२२ पासून तो बिलावर लागतोच.

एका बाबतीत मी तुमचं ऐकलं नाही. तुम्हाला हवा होता आकड्यांचा कीबोर्ड, प्रत्येक पदार्थाला एक नंबर: थालीपीठ २४, मिसळ ११, सगळं पाठ. मी स्वस्तातला टच मॉनिटर घेतला. पण गल्ल्यावरच्या मुलानं त्यालाच एक नंबरपॅड जोडून घेतलाय आणि तो स्क्रीनला हातही लावत नाही. हे तुम्हाला कळू नये अशी माझी फार इच्छा होती.

आणखी एक कबुली. तुम्ही म्हणाला होतात, यूपीएस नुसता कॉम्प्युटरला नको, राउटरला आणि आतल्या प्रिंटरलाही हवा. मी आतला टाळला. पाडव्याला कौपिनेश्वर मंदिराच्या स्वागतयात्रेची गर्दी दारात, फेटे, नऊवाऱ्या, ढोलवाली पोरं, सगळ्यांना एकदम मिसळ हवी, आणि लाइट गेली. गल्ला चालू, भटारखाना मुका. तुम्ही ड्रॉवरखाली ठेवायला लावलेली कार्बनची वही काढली आणि लाइट येईपर्यंत तिच्यावर निभावलं. दुसऱ्याच दिवशी छोटा यूपीएस आणला.

सगळा खर्च ५१ हजारांत बसला. उरलेल्या पैशांतून दुसरा एक्झॉस्ट लावलाय, त्याबद्दल आचारी तुम्हाला वेगळा नमस्कार सांगतोय.

आता तक्रार. नवीन सॉफ्टवेअर रात्री हिशेब काटेकोर काढतं. बिलं किती, रोख किती. बहुतेक दिवशी जुळतं. पण आठवड्यातून एक-दोनदा गल्ल्यात बरोबर ७० रुपये जास्त निघतात, आणि ते नेमके तुम्ही येऊन गेलेल्या दिवशी. पियूष ७० रुपयांचंच आहे, काका. मुलाला दम दिल्यावर त्यानं सांगितलं, की मी आत गेले की तुम्ही नोटा हळूच त्याच्या हातात ठेवता. आतापर्यंतचे ६३० झालेत. पाकिटात घालून ठेवलेत, रविवारी घेऊन जा.

तुमची,
नऊ टेबलंवाली
नौपाडा, ठाणे